टाका नाही, तरी पूर्ण भूल का? : जन्मजात हृदयदोष कॅथेटरने बंद करताना

वार्षिक अहवालातून दरवर्षी रुग्णालयाच्या एखाद्या विभागाच्या कामाची सविस्तर ओळख करून द्यावी, असा आपला परिपाठ आहे. यंदा ही जबाबदारी भूलशास्त्र विभागाकडे आली. विषय निवडताना आम्हांला फार विचार करावा लागला नाही. कॅथलॅबच्या दाराशी बसलेले आईवडील आम्हांला हमखास एक प्रश्न विचारतात : "डॉक्टर, छाती उघडायची नाही, टाका घालायचा नाही, मग बाळाला पूर्ण भूल कशासाठी?" देणगीदारांच्या भेटीतही हाच प्रश्न थोड्या वेगळ्या शब्दांत येतो. छिद्र बंद करणारे उपकरण त्यांना डोळ्यांनी दिसते, तळहातावर घेऊन पाहता येते. भुलीचे तसे नाही. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखे नसल्याने हा लेखनप्रपंच.

प्रथम दोषांविषयी थोडेसे. जिवंत जन्मणाऱ्या दर १,००० बालकांपैकी सुमारे ८ ते ९ बालकांच्या हृदयात जन्मतःच काही ना काही दोष असतो. त्यांतील काही छिद्रे आपोआप बुजतात, काहींना शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते, आणि काही कॅथेटरने बंद करता येतात. या तिसऱ्या गटात प्रामुख्याने तीन दोष येतात : हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्याचे छिद्र (एएसडी), खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याचे छिद्र (व्हीएसडी), आणि महाधमनी व फुप्फुसधमनी यांना जोडणारी, जन्मानंतर मिटून जावयास हवी असलेली पण उघडी राहिलेली वाहिनी (पीडीए). तिन्ही दोषांत डाव्या बाजूचे शुद्ध रक्त उजव्या बाजूला वळते आणि फुप्फुसांकडे गरजेपेक्षा अधिक रक्त जाते. मूल दूध पिताना दमते, त्याला घाम फुटतो, वजन वाढत नाही, छाती वारंवार भरते. मोठे छिद्र वर्षानुवर्षे तसेच राहिले, तर फुप्फुसांतील रक्तवाहिन्या जाड व ताठर होतात आणि तेथील दाब चढत जातो. एका मर्यादेपलीकडे तो कायमचा होतो. मग रक्त उलट दिशेने वाहू लागते, ओठ व नखे निळी पडतात, आणि त्या अवस्थेत छिद्र बंद करणे हेच रुग्णाला अपायकारक ठरते. 'अजून मूल लहान आहे, पुढे पाहू' असे म्हणणाऱ्या नातेवाइकांना आम्ही ही गोष्ट आवर्जून सांगतो.

या उपचाराचा इतिहासही रंजक आहे. ऑगस्ट १९३८ मध्ये बोस्टन येथील बालरुग्णालयात डॉ. रॉबर्ट ग्रॉस यांनी ७ वर्षांच्या एका मुलीची छाती उघडून तिची पीडीए वाहिनी बांधली. जन्मजात हृदयदोषांवरील शस्त्रक्रियेचे युग येथून सुरू झाले असे मानतात. त्या मुलीला सायक्लोप्रोपेन या वायूची भूल देणाऱ्या परिचारिका बेटी लँक यांचे नाव मात्र ग्रॉस यांच्या नावाइतके कोणाला ठाऊक नसते. भूल देणाऱ्यांच्या बाबतीत हे नेहमीचेच आहे! पुढे १९६७ मध्ये बर्लिनचे डॉ. वेर्नर पोर्स्टमान यांनी छाती न उघडता कॅथेटरमधून बूच नेऊन पीडीए बंद केल्याचे प्रसिद्ध केले. १९७० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील डॉ. किंग व डॉ. मिल्स यांनी एएसडी कॅथेटरने बंद करून दाखविला. तथापि ही पद्धत खऱ्या अर्थाने सर्वदूर पोचली ती डॉ. कुर्ट अ‍ॅम्प्लाट्झ यांच्या उपकरणामुळे. निकेल व टायटॅनियम यांच्या 'नायटिनॉल' नावाच्या मिश्रधातूच्या बारीक तारांची ही जाळी नळीत ओढली की लांबट होते आणि नळीतून बाहेर पडताच आपला मूळचा दोन चकत्यांचा आकार पुन्हा धारण करते. १९९५ पासून ती रुग्णांत वापरली जाऊ लागली आणि डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिला मान्यता दिली. आपल्याकडील नातेवाईक तिला कोणी 'छत्री' म्हणतात, तर कोणी 'बटण'. दोन्ही नावे समर्पक आहेत.

ही छत्री बसविली जाते कशी? जांघेतील शिरेतून एक नळी हृदयापर्यंत नेतात. एएसडी असेल तर ती छिद्रातून डाव्या कप्प्यात नेऊन पहिली चकती उघडतात, ती मागे ओढून पडद्याला टेकवितात, मग उजव्या बाजूस दुसरी चकती उघडतात. पडदा दोन चकत्यांच्या चिमटीत येतो. छत्री अजूनही तारेच्या टोकाला मळसूत्राने जोडलेली असते, म्हणजे हवी तर परत नळीत ओढून घेता येते. ती नीट बसली आहे, शेजारच्या झडपांना अडथळा करीत नाही, कडेने रक्त झिरपत नाही, याची खात्री झाल्यावरच मळसूत्र सोडवितात. त्यानंतर ती सहजी माघारी घेता येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. धडधडणाऱ्या हृदयात काही मिलिमीटरच्या अंदाजाने हे सर्व चाललेले असते. अशा वेळी मुलाने पाय झटकला, रडले, खोकले, तर नळी जागची हलते. शिवाय छत्री पाहण्यासाठी क्ष-किरण पुरेसे नसतात, कारण त्यांत धातू दिसतो, पण पडदा दिसत नाही. म्हणून लहान मुलांच्या एएसडीत बहुधा अन्ननलिकेतून एकोची नळी घालून हृदय मागच्या बाजूने पाहावे लागते. बोटाएवढी जाड नळी घशात तास-दीड तास सहन करणे मोठ्या माणसालाही जड जाते, तेथे तीन वर्षांच्या मुलाची काय कथा. ही नळी घशात असताना श्वासमार्ग सुरक्षित राहावा म्हणून श्वासनलिकेत वेगळी नळी घालून पूर्ण भूल देणे आम्हांला श्रेयस्कर वाटते.

यावर मतभेद आहेत, हे येथे नमूद केले पाहिजे. अनेक केंद्रांत झोपेचे औषध देऊन, मूल स्वतः श्वास घेत असतानाच ही प्रक्रिया करतात. मोठ्या मुलांची किंवा प्रौढांची पीडीए आम्हीही त्याच पद्धतीने करतो. प्रौढांत तर शिरेतूनच हृदयात जाणारी बारीक एकोची नळी वापरली की घशातील नळीही टळते. परंतु लहान मुलाच्या बाबतीत 'थोडीच भूल' ही 'सुरक्षित भूल' असतेच असे नाही. गुंगीतील मुलाची जीभ मागे पडते, श्वास उथळ होतो, रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढतो. आणि फुप्फुसांचा दाब आधीच चढलेल्या मुलाला हाच वायू सर्वांत अधिक घातक असतो. त्यातच कॅथलॅबच्या अंधुक उजेडात, क्ष-किरण यंत्राच्या मोठ्या कमानीआड मुलाचा चेहरा आम्हांला धड दिसतही नाही. अडचण उद्भवल्यावर प्रक्रिया थांबवून घाईघाईने नळी घालण्यापेक्षा ती आधीच शांतपणे घातलेली बरी, असे आमचे मत आहे.

भूल म्हणजे केवळ झोपविणे, ही समजूत या मुलांच्या बाबतीत सर्वांत अपुरी पडते. शेतकरी कुटुंबांना आम्ही एक उदाहरण देतो. पाटाच्या पाण्याला दोन दारे असली, तर जे दार अधिक उघडे त्या शेतात अधिक पाणी जाते. छिद्र असलेल्या हृदयातून निघणाऱ्या रक्तालाही अशीच दोन दारे असतात, एक फुप्फुसांचे आणि दुसरे उरलेल्या शरीराचे. भुलीचे प्रत्येक औषध या ना त्या दारावर हात ठेवते. सेव्होफ्लुरेन वा प्रोपोफॉल यांनी शरीराच्या रक्तवाहिन्या सैलावतात. माफक प्रमाणात हे हितकारक असते, पण फुप्फुसांचा दाब फार असलेल्या मुलात रक्तदाब एकदम उतरला, तर प्रवाह उलटून मूल निळे पडू शकते. केटामाइन हे १९६० च्या दशकातील औषध रक्तदाब टिकवून धरते, म्हणून आज इतकी नवी औषधे असतानाही आम्ही ते हाताशी ठेवतो.

सर्वांत नवल वाटते ते प्राणवायूचे. प्राणवायू जितका अधिक तितका चांगला, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो फुप्फुसांच्या वाहिन्या रुंद करणारे प्रभावी औषध आहे. छिद्र बंद करावे की नाही हे ठरविण्यासाठी हृदयरोगतज्ज्ञ प्रत्येक कप्प्यातील दाब व प्राणवायूचे प्रमाण मोजतात. त्या वेळी आम्ही सढळ हाताने प्राणवायू देत राहिलो, किंवा मुलाचा श्वास गरजेपेक्षा जलद चालविला, तर फुप्फुसांचा विरोध मुळात आहे त्याहून कमी भासेल आणि मोजमाप फसवे ठरेल. म्हणून मोजणी चालू असताना शक्य तितकी साध्या हवेच्या जवळची हवा द्यायची, कार्बन डायऑक्साइड सामान्य पातळीवर राखायचा, आणि ज्या मुलांचा दाब शंकास्पद आहे त्यांना नंतर मुद्दाम शुद्ध प्राणवायू व नायट्रिक ऑक्साइड देऊन तो दाब उतरतो का ते पाहायचे, असा क्रम असतो. उतरला तर बंद करण्याचा विचार पुढे नेता येतो. न उतरल्यास त्या दिवशी छत्री न बसविताच मूल बाहेर येते. 'एवढी भूल दिली आणि काहीच केले नाही' ही पालकांची व्यथा आम्ही समजू शकतो; परंतु अशा मुलात छिद्र हीच वाढलेल्या दाबाची सुटकेची वाट झालेली असते. ती बुजविली तर उजवे हृदय कोलमडते.

प्रक्रियेच्या दिवसापूर्वीच्या तयारीत आम्हांला सर्वाधिक विचार करायला लावते ते सर्दी-खोकल्याने. नुकत्याच झालेल्या सर्दीत श्वासनलिका चिडखोर झालेली असते आणि भुलीखाली ती अचानक आकसण्याचा धोका वाढतो. सर्वसाधारण नियम असा की, किमान दोन आठवडे, छाती भरली असल्यास त्याहून अधिक काळ थांबावे. नियम सोपा आहे, पण तो सांगायचा कोणाला? रोजंदारी बुडवून, उसनवारीने प्रवासखर्च उभा करून, दूरच्या तालुक्यातून आलेल्या आईवडिलांना. याहून बिकट गोष्ट अशी की, मोठी पीडीए किंवा व्हीएसडी असलेल्या बाळाची छाती छिद्रामुळेच वारंवार भरते. पूर्ण निरोगी छातीची वाट पाहत बसलो, तर तो दिवस कदाचित उगवणारच नाही. अशा वेळी बालरोगतज्ज्ञ, हृदयरोगतज्ज्ञ व भूलतज्ज्ञ एकत्र बसून निर्णय घेतात. नुसते नाक गळत आहे, ताप नाही, छाती स्वच्छ आहे, आणि छिद्रामुळे हृदयावर ताण स्पष्ट आहे, तर आम्ही पुढे जातो. ताप, हिरवट कफ, छातीत घरघर असेल तर मूल परत जाते, मग कुटुंब कितीही लांबून आलेले असो. पालकांनी या दिवसांत मुलाचा खोकला आमच्यापासून लपवू नये, ही कळकळीची विनंती आहे. तारीख हुकेल या भीतीपोटी तो लपविला जातो, हे आम्ही जाणतो.

उपाशी ठेवण्याविषयीही बराच गैरसमज आहे. घट्ट अन्न व वरचे दूध ६ तास, आईचे दूध ४ तास आणि साधे पाणी २ तास आधी बंद करावे, एवढेच आमचे सांगणे असते. काही घरांत आदल्या संध्याकाळपासूनच मुलाला काही देत नाहीत. असे मूल सकाळी कोमेजलेले येते, साखर उतरते, शीर सापडत नाही. याउलट आजीच्या मायेने हळूच दिलेले बिस्किट भुलीखाली फुप्फुसात जाऊ शकते. दोन्हींतील धोका पालकांनी ध्यानात घ्यावा.

कॅथलॅबच्या आत आमच्या कामाचे स्वरूप शस्त्रक्रियागृहाहून निराळे असते. यंत्रे तापू नयेत म्हणून ती खोली थंड ठेवावी लागते, आणि आठ-दहा किलोच्या बाळाचे अंग उघड्यावर पटकन गार होते. गार पडलेल्या बाळाच्या फुप्फुसांचा दाब चढतो व ते उशिरा जागे होते. म्हणून खाली ऊबदार हवेची गादी आणि अंगावर तापमापक लागतो. क्ष-किरणांमुळे आम्ही शिशाचा जड एप्रन घालून काहीसे दूर उभे असतो, त्यामुळे सर्व नळ्या लांब. त्या नळ्यांतून हवेचा एकही बुडबुडा जाता कामा नये, कारण हृदयात छिद्र असताना शिरेतला बुडबुडा डाव्या बाजूस जाऊन थेट मेंदूत पोचू शकतो. सलाइनची नळी पुन्हा पुन्हा टिचकी मारून तपासणारी परिचारिका पाहून कोणाला तो चाळा वाटेल. तो चाळा नव्हे.

नळ्यांवर रक्त गोठू नये म्हणून वजनाच्या दर किलोला साधारण १०० युनिट हेपॅरिन देतात आणि गोठण्याचा काळ मोजत राहतात. यापुढील बराच वेळ आमची नजर पडद्यावर असते. व्हीएसडीच्या कडेजवळूनच हृदयाचे ठोके चालविणारे सूक्ष्म तंतू जातात. तार तेथे घासली तर ठोके अडखळतात, क्वचित थांबतातही. अशा वेळी आधी तार सैल करण्यास सांगायचे, मग औषध. तात्पुरता पेसमेकर जवळ असतोच. छत्री निसटून पुढच्या वाहिनीत जाणे, हृदयाभोवती रक्त साचणे, फुप्फुसांचा दाब एकाएकी उसळणे, हे प्रसंग विरळा आहेत, पण ते घडतील असे धरूनच तयारी करावी लागते : रक्त जुळवून ठेवलेले, हृदयशल्यचिकित्सकांना पूर्वसूचना दिलेली, शस्त्रक्रियागृह उपलब्ध. पीडीए बंद होते तो क्षण मात्र आम्हांला मनापासून आवडतो. वाहिनी बुजताच रक्तदाबाचा खालचा आकडा ठळकपणे वर चढतो. हृदयरोगतज्ज्ञांनी तपासणीसाठी रंगद्रव्य सोडण्यापूर्वीच भूलतज्ज्ञाला पडद्यावर निकाल कळलेला असतो!

प्रौढ रुग्णांविषयी एवढेच सांगतो की, पन्नाशी-साठीत एएसडी सापडलेल्यांचे डावे हृदय कधी कधी ताठरलेले असते. छिद्र एकदम बुजविल्यास फुप्फुसांत पाणी साचू शकते. म्हणून शंका असल्यास आधी फुग्याने छिद्र काही वेळ बंद करून दाब तपासला जातो.

उठवितानाही कौशल्य लागते. जोराचा खोकला वा आकांत झाला की जांघेतून रक्त येते. पाय चार ते सहा तास सरळ राहावा लागतो. म्हणून नळी काढताना मूल शक्य तितके शांत राहील असे औषध बेतलेले असते. तरीही काही मुले जागी होताना अनावर रडतात, आईलाही ओळखीत नाहीत. बाहेर उभ्या आईच्या काळजाचे पाणी होते. ही अवस्था बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरते आणि मुलाला पुढे तिची आठवण राहत नाही.

'भुलीमुळे मुलाच्या बुद्धीवर परिणाम होईल का?' हे अलीकडे सुशिक्षित व अशिक्षित दोन्ही पालक विचारतात. डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तीन वर्षांखालील मुलांत वारंवार किंवा तीन तासांहून अधिक काळ दिलेल्या भुलीबाबत सावधगिरीची सूचना दिली. २०१९ मध्ये अनेक देशांत मिळून झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष आले : हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी तान्हेपणी एकदाच, सुमारे तासाभराच्या आत भूल मिळालेल्या बालकांची पाचव्या वर्षीची बुद्धी, केवळ कमरेखालचा भाग बधिर केलेल्या बालकांइतकीच होती. छत्री बसविण्यास कधी याहून अधिक वेळ लागतो, त्यामुळे हा निष्कर्ष तंतोतंत लागू करता येणार नाही. परंतु मोठे छिद्र तसेच ठेवल्याने वाढ खुंटते, हे तर समोर दिसतच असते. आम्ही पालकांपुढे दोन्ही बाजू मांडतो.

खर्चाविषयी विश्वस्तांना व देणगीदारांना माहीत आहेच, तरी नव्या कुटुंबांसाठी सांगतो. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळांतून तपासणी होऊन अनेक मुले उपचारापर्यंत पोचतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, आणि २००६ पासून अमलात असलेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत निर्धन व दुर्बल घटकांसाठी राखीव खाटाही आहेत. आमच्या समाजसेवा कार्यालयात कागदपत्रांसह आधी यावे. देणगीदारांपाशी एक गोष्ट मोकळेपणाने बोलावीशी वाटते. अमुक मुलाच्या छत्रीसाठी म्हणून रक्कम लवकर उभी राहते. श्वासातील कार्बन डायऑक्साइड दाखविणारे यंत्र, ऊबदार हवेची गादी, नायट्रिक ऑक्साइडचा सिलिंडर यांसाठी कोणी आपणहून पुढे येत नाही. त्यांवर नावाची पाटीही शोभत नाही. एक छत्री एका मुलाला लागते, ही गादी मात्र वर्षभर प्रत्येक मुलाच्या अंगाखाली असते.

घरी गेल्यानंतरच्या सूचना लेखी दिल्या जातात. एएसडीच्या छत्रीनंतर साधारण सहा महिने अ‍ॅस्पिरिन चालते. तोवर छत्रीवर शरीराचा स्वतःचा पातळ थर चढतो. या काळात दातांचे काम करावयाचे झाल्यास दंतवैद्यांना कल्पना द्यावी, म्हणजे ते आधी प्रतिजैविक देतील. धक्काबुक्कीचे खेळ काही महिने टाळावेत. छातीत दुखणे, धाप किंवा भोवळ असे काही झाले, तर छत्री बसवून कितीही दिवस झालेले असोत, एको करून घ्यावा. छत्रीचे नाव व आकार लिहिलेले कार्ड मुलाच्या फाइलीत जपून ठेवावे आणि पुढे कधी एमआरआय किंवा दुसऱ्या कशासाठी भूल घेण्याची वेळ आली, तर तेथील डॉक्टरांना ते प्रथम दाखवावे.